अय्याराची जंबील कुणाची?

मराठीत एक बोलण्याची रीत आहे. कुणी न पटणारी हकिकत सांगू लागला, की ऐकणारा हसून म्हणतो, 'ही तर सुरस आणि चमत्कारिक कथा झाली!' आपण एका पुस्तकाचे नाव घेत आहोत, हे म्हणणाऱ्याच्या ध्यानीही नसते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ पासून 'अलिफ लैला' मराठीत आणायला घेतली, तिचे नाव 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी'. पुढे या कामाला त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांचाही हात लागला. म्हणजे मराठी गद्य अजून पायावर उभे राहत होते, तेव्हा त्याला चालायला शिकवणाऱ्यांत बगदादची शहरजादही होती. आज तिचे नाव राहिले ते थट्टेपुरते.

हा लेख लिहावासा वाटला तो मात्र चिपळूणकरांमुळे नव्हे, आमच्या वर्गातल्या एका प्रसंगामुळे. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आठवीच्या वर्गात एकदा मुलांना सांगितले, घरी ऐकलेली एखादी जादूची गोष्ट सांगा. बहुतेकांनी टीव्हीवरची किंवा मोबाइलवर पाहिलेली सांगितली. एक मुलगी उठली. तिच्या नानीने सांगितलेली गोष्ट अशी : एक होता चलाख माणूस. त्याच्याकडे होती एक थैली. तिच्यात हत्ती टाका, घोडा टाका, अख्खे शहर टाका, थैली आपली तेवढीच. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, 'सर, ये तो हॅरी पॉटर की कॉपी है!' वर्ग हसला. ती मुलगी ओशाळून खाली बसली.

ती थैली म्हणजे अम्र अय्याराची जंबील. नानीला दास्तानचे नाव ठाऊक नव्हते, नातीला अय्याराचे. हर्मायनीची मण्यांची पिशवी २००७ च्या पुस्तकातली. अमीर हमजाची दास्तान उर्दू गद्यात छापून आली १८०१ मध्ये, आणि फारसीत व लोकांच्या तोंडी ती त्याच्याही कितीतरी आधीपासून होती. तरी आमच्या वर्गात नक्कल ठरली ती नानीची गोष्ट! राउलिंगबाईंनी आमची थैली उचलली, असे आम्हाला म्हणायचे नाही. तसा पुरावा नाही, आणि असल्या दाव्यांनी साहित्याचे भले होत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्याच्या घरात ही गोष्ट होती, त्यालाच ती परकी का वाटावी?

मुळे अनेक, खोड एक नाही

आधुनिक अद्भुतकथा, जिला इंग्रजी वाचणारी मंडळी फँटसी म्हणतात, ती इंग्लंडात जन्मली आणि तेथून जगभर गेली, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. टॉल्कीन यांचे 'द हॉबिट' १९३७ चे आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ चे. त्यांची मुळे उत्तर युरोपच्या जुन्या काव्यांत आहेत : आइसलंडच्या एड्डात, जुन्या इंग्रजीतल्या बेवुल्फमध्ये, फिनलंडच्या कालेवालात. हे मान्य करायलाच हवे. पण युरोपला अद्भुताची चटक नव्याने लागली ती त्याच्या दोनशे वर्षे आधी. १७०४ पासून अँत्वान गालाँ या फ्रेंच पंडिताने 'अलिफ लैला'चे खंड काढायला सुरुवात केली आणि सगळा युरोप ते वाचू लागला. अल्लाउद्दीन आणि अलीबाबा या दोन सर्वांत गाजलेल्या गोष्टी तर गालाँच्या अरबी हस्तलिखितात नव्हत्याच. त्या त्याने १७०९ मध्ये पॅरिसला आलेल्या हन्ना दियाब नावाच्या हलबच्या तरुणाकडून ऐकल्या. ज्याच्या तोंडून गोष्ट आली त्याचे नाव दोन-अडीच शतके कुणी घेतले नाही. आमच्या वर्गातल्या नानीचे दुःख नवे नाही, ते असे.

१७८६ मध्ये बेकफर्डची 'वाथेक' आली, तिच्यात खलिफा आहे, जिन आहेत, इब्लिसचा दरबार आहे. इंग्रजीतल्या अद्भुत कादंबरीच्या वंशवेलीत हे पुस्तक चुकवून पुढे जाता येत नाही.

आणि 'अलिफ लैला' तरी एकट्या अरबांची कुठे? दहाव्या शतकातला बगदादचा ग्रंथसूचीकार इब्न अल-नदीम सांगतो, की तिच्यामागे 'हजार अफसान' हे फारसी पुस्तक होते. गोष्टीच्या पोटात गोष्ट ही तिची रचना आपल्याकडच्या कथाग्रंथांशी नाते सांगते. पंचतंत्र पहलवीतून अरबीत 'कलिला व दिमना' होऊन गेले ते आठव्या शतकात. आणि अशा कथांचा थोरला सागर जी 'बृहत्कथा', तिचा कर्ता गुणाढ्य परंपरेने जोडला जातो सातवाहनांच्या प्रतिष्ठानशी, म्हणजे आपल्या पैठणशी. गोदावरीकाठी ज्या तऱ्हेची गोष्ट सांगितली गेली, तिच्या बहिणी बगदादला नांदल्या, पॅरिसला गेल्या, लंडनला स्थायिक झाल्या आणि पुण्यात चिपळूणकरांच्या हातून परत माहेरी आल्या. या प्रवासात कुणा एकाची मालकी शोधणे व्यर्थ आहे. मात्र वाटेतल्या एका मुक्कामाचे नाव पाटीवरून पुसले गेले असेल, तर ते पुन्हा लिहिणे आपले काम आहे.

आपल्या दारातली दास्तान

हा मुक्काम आपल्या अगदी जवळ आहे. सांगली-मिरजेहून विजापूर फार लांब नाही, आणि सातारा-मिरजेचा हा मुलूख दीर्घकाळ विजापूरच्या आदिलशाहीत होता. त्या दरबारातला कवी नुसरती याने १६५७ च्या सुमारास 'गुलशन-ए-इश्क' ही दखनी मसनवी रचली. मनोहर आणि मधुमालती यांची ती प्रेमकथा. झोपलेल्या राजपुत्राला पऱ्या पलंगासकट उचलून राजकन्येच्या महाली नेतात, असा तिच्यात प्रसंग आहे. नायक-नायिकेची नावे हिंदू, पऱ्या फारसी, भाषा दखनी आणि कवी मुसलमान. आज आपल्या घरांत बोलली जाणारी बोली त्या दखनीचीच पणती म्हणावी. तेव्हा अद्भुतकथा आपल्याकडे बाहेरून आली, असे निदान आपण तरी म्हणू नये.

सांगलीचे आणखी एक स्मरण द्यायला हवे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगली संस्थानात 'सीता स्वयंवर' हा खेळ केला. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण तिथून मोजतो. त्या जुन्या खेळांत देव होते, ऋषी होते आणि आरडाओरडा करीत रंगभूमीवर उड्या घेणारे राक्षसही होते. म्हणजे मराठी नाटकाचे पहिले पाऊलही वास्तवाच्या नव्हे, अद्भुताच्या अंगणात पडले.

आता दास्तान. अमीर हमजाची दास्तान अकबर बादशहाला इतकी आवडे, की त्याने तिची सुमारे चौदाशे चित्रे काढवून घेतली. ते काम जवळपास पंधरा वर्षे चालले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्याने ती उर्दूत छापायला घेतली आणि सेहेचाळीस जाड खंड झाले. छापणारा हिंदू, सांगणारे मुसलमान आणि वाचणारे दोन्ही! त्यातले सर्वांत गाजलेले खंड 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे. मुहंमद हुसेन जाह आणि अहमद हुसेन कमर या दोन दास्तानगोंनी ते लिहिले.

तिलिस्म म्हणजे जादूगाराने बांधलेले जग. होशरुबाचे तीन भाग आहेत : जाहिर, म्हणजे दिसणारा, बातिन, म्हणजे लपलेला, आणि जुलमात, म्हणजे अंधाराचा. मधून रक्ताची नदी वाहते. अफरासियाब हा जादूगारांचा बादशहा तिथे राज्य करतो. पण तिलिस्मालाही कायदा आहे. तो बांधला जातो त्याच वेळी त्याच्या मोडण्याचाही मार्ग ठरतो. ज्याच्या नशिबी तो तोडणे आहे, तो तिलिस्म-कुशा. होशरुबात हा मान हमजाचा नातू असद याचा. आणि तिलिस्म कसा तोडायचा ते लिहिलेले असते एका पाटीवर, तिला म्हणतात लौह.

टॉल्कीन यांनी १९३९ मध्ये परीकथांवर एक व्याख्यान दिले. अद्भुत लिहिणारा लेखक एक दुय्यम जग घडवतो आणि त्या जगाचे नियम आतून सुसंगत असावे लागतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. आधुनिक फँटसीच्या समीक्षेचा हा पाया मानला जातो. आम्ही ते वाचले तेव्हा मनात आले, की लखनौच्या दास्तानगोंनी हा सिद्धांत मांडला नव्हता, त्यांनी तो वापरला होता.

हकालपट्टी

मग ही दास्तान गेली कुठे? तिला बाहेर काढले ते सुशिक्षितांनी, आणि दोन्ही भाषांत जवळपास एकाच काळात. मराठीत 'मुक्तामाला' (१८६१), 'मंजुघोषा' (१८६८) अशा अद्भुतरम्य कादंबऱ्यांचे पीक आले होते. १८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटक या विषयावर निबंध लिहून त्यातल्या असंभाव्यतेवर टीका केली. पुढे हरिभाऊ आपट्यांची कादंबरी आली आणि वास्तवाला मान मिळाला. उर्दूत १८५७ च्या पराभवानंतर असेच झाले. हालींनी १८९३ च्या 'मुकद्दमा'त साहित्याला सच्चेपणाची आणि निसर्गाची कसोटी लावली. त्या कसोटीवर दास्तान टिकणार कशी? ज्या पिढीने राज्य जाताना पाहिले, तिला बापजाद्यांच्या पऱ्या आणि देव लाजिरवाणे वाटले. दिल्लीचे शेवटचे नामांकित दास्तानगो मीर बाकर अली १९२८ मध्ये वारले आणि एक कला त्यांच्यासोबत मातीत गेली.

मराठे आणि हाली चुकले, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. त्यांच्या काळाची ती गरज होती. हरिभाऊंच्या यमूचे दुःख पऱ्यांच्या पंखांवरून सांगता आले नसते. आपल्या मुस्लिम मराठी साहित्याचेही तेच. हमीद दलवाईंच्या 'इंधन'ने १९६५ मध्ये जो विस्तव दाखवला, तो वास्तवाचा होता. १९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हाही आपल्या लेखकांपुढे प्रश्न होते ते तलाकचे, दंगलींचे, बेकारीचे, संशयाच्या नजरेचे. त्यांनी ते लिहिले, चांगले लिहिले. पण या गडबडीत आपण एक पेटी माळ्यावर टाकली आणि विसरलो. आपल्या साहित्यात मुसलमान माणूस सोसणारा म्हणून आला, भांडणारा म्हणून आला. कल्पना करणारा म्हणून क्वचितच आला. ज्या समाजाला नेहमी आपल्या दुःखाचा जबाब द्यावा लागतो, त्याला स्वप्न सांगायची उसंत मिळत नाही. हा वाङ्मयीन तोटा आहे, तसा माणूस म्हणूनही तोटा आहे.

दोन आक्षेप, एक उत्तर

वर्गातल्या त्या प्रसंगानंतर आम्ही मुलांना होशरुबाचे सोपे केलेले काही प्रसंग वाचून दाखवू लागलो. आठवड्याभरात एक पालक भेटायला आले. शांतपणे म्हणाले, 'सर, जादू तो हराम है, बच्चों को ये क्यूँ?' त्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत एका सहकाऱ्यांनी वेगळ्या दिशेने तोच प्रश्न टाकला : 'हे सातारा आहे. दाभोलकरांच्या गावात तुम्ही पोरांना चेटूक शिकवता?'

दोन्ही आक्षेप प्रामाणिक होते, म्हणून त्यांना उत्तर देणे भाग आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. त्यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली; २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. या मातीत अद्भुताची तरफदारी करणाऱ्याने जबाबदारीनेच बोलले पाहिजे.

आमचे उत्तर दास्तानच देते. होशरुबात जादू कुणाकडे आहे? शत्रूकडे. अफरासियाब, त्याचे सरदार, त्याच्या जादूगारणी, सगळी जादू तिकडे. आणि तिला हरवतो कोण? अय्यार. अम्र अय्यार जादूगार नाही. त्याच्याकडे बुजुर्गांच्या देणग्या आहेत हे खरे. जंबील आहे, अंगावर घेताच माणूस दिसेनासा होतो अशी गिलीम आहे. पण त्याचे खरे हत्यार म्हणजे अक्कल. तो वेश पालटतो, आवाज बदलतो, गाऊन-बजावून जादूगाराला भुलवतो, बेहोशीची पूड चारतो आणि मंत्र ओठांवर येण्याआधी त्याला गुंडाळतो. ज्याच्या दहशतीने मुलूख कापतो, तो जादूगार एका दिडदमडीच्या सोंगाड्याकडून फसतो आणि ऐकणारे हसतात. भोंदूबाबाची भीती घालवायला याहून चांगला पाठ कोणता? चमत्कारामागची हातचलाखी गावोगाव करून दाखवणारे कार्यकर्ते आणि हा अय्यार यांच्यात आम्हाला तरी दूरचे नाते दिसते.

दुसरे असे, की अंधश्रद्धा म्हणते, 'विश्वास ठेव, नाहीतर तुझे वाईट होईल.' दास्तान म्हणते, 'ही गोष्ट आहे, आता पुढे ऐक.' एक माणसाला गप्प करते, दुसरी त्याला 'मग काय झाले?' असे विचारायला लावते. मूल या दोन्हींतला फरक ओळखते, आपणच घाबरतो.

आणि तिसरे, जे शिक्षक म्हणून आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते : तिलिस्म तुटतो तो तलवारीने नव्हे, लौह वाचून. पुढे कोणते दार, कोणता धोका, काय करायचे, ते पाटीवर लिहिलेले असते. जो न वाचता पुढे जाईल, तो अडकेल. बी.एड.ला असताना पाठ टाचणात 'मूल्य' नावाचा एक रकाना भरावा लागे. त्यात काय लिहावे म्हणून आम्ही तासन्‌तास डोके खाजवत असू. होशरुबाच्या पाठासाठी तो रकाना भरायला आम्हाला अर्धा मिनिट लागला : वाचणाराच कैदेतून सुटतो.

हे सगळे आम्ही त्या पालकांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. पटले की नाही ते बोलले नाहीत. जाताना विचारले, 'वो थैलीवाला किस्सा मेरी अम्मी भी सुनाती थी. किताब में है क्या?'

डोळे उघडे ठेवून

दास्तानमध्ये सगळे गोमटे आहे, असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. तिच्यातली लढाई इस्लाम आणि कुफ्र अशी सरळ दोन रंगांत रंगवलेली आहे; हरलेला एकतर दीन स्वीकारतो, नाहीतर मारला जातो. आजच्या भारतात राहणाऱ्या, शेजाऱ्याच्या दिवाळीचा फराळ खाणाऱ्या मुलापुढे हे जसेच्या तसे ठेवता येणार नाही. जादूगारणी शूर आहेत, राज्य चालवतात, फौजा लढवतात; पण कित्येकदा एखाद्या शहजाद्यावर भाळताच त्यांचा पक्ष बदलतो. अम्र अय्यार तर कमालीचा लोभी. मित्राचीही पगडी उतरवून जंबीलीत टाकेल. विनोद जागोजागी ओंगळ आहे, आणि लांबण इतकी की संयमी वाचकाचीही परीक्षा व्हावी.

पण इथे शम्सुर्रहमान फारुकींचे म्हणणे ध्यानात घ्यावे. २०२० मध्ये दिवंगत झालेल्या या थोर समीक्षकाने हमजाचे सगळे खंड मिळवून अभ्यासले. दास्तान ही सांगण्या-ऐकण्याची कला आहे, तिला कादंबरीच्या गजाने मोजू नका, हा त्यांचा आग्रह होता. एकाच रात्री सगळी दास्तान कुणी ऐकत नसे. ती रोज थोडी थोडी, ऐकणाऱ्यांचा कल पाहून फुलवायची असे. २००५ पासून महमूद फारुकी यांनी दास्तानगोई रंगमंचावर पुन्हा आणली आणि आजचे तरुणही तिच्यात रमतात, हे दिसून आले. दोष असलेली परंपरा टाकून द्यायची नसते, निवडून-पाखडून घ्यायची असते. आपल्या आज्या तेच तर करत होत्या. त्या मुलीच्या नानीने लढाया गाळल्या, दीन-कुफ्र गाळले आणि थैली ठेवली. तीच आमची पहिली संपादक.

मराठीने हे काम पूर्वीही केले आहे. चिपळूणकरांनंतर शंभरेक वर्षांनी, १९७० च्या दशकात, गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या इंग्रजीवरून अरेबियन नाइट्स मराठीत आणल्या आणि मुलांच्या कपाटात जाऊन बसलेल्या शहरजादला पुन्हा मोठ्यांच्या बैठकीत आणले. याच गौरीबाई पुढे आपल्या सातारा जिल्ह्यात, फलटणजवळच्या विंचुर्णीत राहिल्या. जी. ए. कुलकर्णी सीमाभागातले. त्यांच्या 'रमलखुणा'त (१९७५) 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोन दीर्घकथा आहेत. कुठला देश, कुठला काळ, काही सांगता येत नाही, तरी माणसाच्या नियतीचे इतके गंभीर चिंतन मराठीत थोडेच आहे. आणि त्या संग्रहाच्या नावातला 'रमल' शब्द पाहा. तो अरबीतला, वाळू, आणि तिच्यावरून भविष्य पाहण्याची विद्या. अरबी वाळूवर मराठी खुणा! जी.एं.नी आपल्याला वाट दाखवून ठेवली आहे. त्या वाटेवर आपण का चाललो नाही?

आज हॅरी पॉटर मराठीत आहे, टॉल्कीन मराठीत आहेत, आणि ते असावेतच. आमच्या शाळेतली पोरे ते वाचतात याचा आम्हाला आनंद आहे. पण होशरुबा त्यांच्या हाती कुणी द्यायचा? तिची उर्दू फारसीने लदलेली. दहावीनंतर ज्यांची उर्दू लिपी सुटते त्यांना ती झेपत नाही. ज्यांना मराठी येते त्यांना उर्दू येत नाही, आणि उर्दूचे जाणकार मराठीत लिहीत नाहीत. दोन्ही किनाऱ्यांवर पाय असलेली माणसे म्हणजे आपण, या अंकाचे लेखक आणि वाचक. हे काम आपण केले नाही तर करणारे दुसरे कुणी नाही. घाईही आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत जुन्या पुस्तकांचे किती नुकसान झाले ते आपण पाहिले. कागद भिजला तर दुसरी प्रत शोधता येते. नानी गेली तर तिची प्रत कुठे शोधणार?

म्हणून या लेखाच्या अखेरीस मोठ्या योजना मांडत नाही. एवढेच सुचवतो : प्रत्येकाने आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून एक गोष्ट ऐकावी आणि ती मराठीत उतरवावी. सांगणाऱ्याचे नाव खाली लिहावे. हन्ना दियाबच्या बाबतीत झालेली चूक आपल्या हातून होऊ नये.

त्या मुलीला आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे केले आणि थैलीची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लावली. या वेळी फळ्यावर आम्ही आधी तिच्या नानीचे नाव लिहिले होते. मागच्या बाकावरचा तो मुलगा शेवटपर्यंत ऐकत होता. गोष्ट संपल्यावर त्याने हात वर केला आणि विचारले, 'सर, थैली में खुद अय्यार गिर गया तो?'

या प्रश्नाचे उत्तर आम्ही दिले नाही. ते त्याने लिहून आणायचे आहे.